हमीभाव ५,३२८ आणि मोंढ्यात चार हजार : शेतीच्या अनुदानाचा पैसा नेमका कुणाच्या घरात जातो?

२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. दिवाळीच्या सुमारास लातूर, हिंगोली, वाशिमकडच्या मोंढ्यांत, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारांत, नवं सोयाबीन आलं, तेव्हा बऱ्याच मालाचे सौदे चार ते साडेचार हजारांत तुटत होते. पावसात भिजलेल्या, डागी मालाला तर त्याहूनही कमी.

दरवर्षी याच दिवसांत दोन वाक्यं ऐकू येतात. शहरातला नोकरदार म्हणतो, "अजून किती द्यायचं यांना? खत स्वस्त, वीज फुकट, कर्जमाफी, वर खात्यात पैसे." शेतकरी म्हणतो, "आम्हाला तुमचं काहीच नको, फक्त भाव द्या." गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नाहीत. सरकार शेतीवर लाखो कोटी रुपये खर्च करतं हे खरं, आणि तीन एकर कोरडवाहू असलेल्याच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात ते समजून घ्यायचं तर कोणत्याही योजनेला एक प्रश्न विचारत जावा : ही मदत कशावर मोजली जाते? गोणीवर, क्विंटलवर, पंपावर, एकरावर की कुटुंबावर? ज्याच्याकडे ते माप जास्त, त्याच्याकडे मदत जास्त. पुढचा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती फिरतो.

हमीभाव कोण ठरवतं, आणि हमी कसली?

हमीभाव म्हणजे सरकारने आधीच जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळ ती मंजूर करतं. हा आयोग १९६५ मध्ये स्थापन झाला. आज २२ पिकांना हमीभाव जाहीर होतो. उसाचं गणित वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

भाव ठरवताना उत्पादन खर्च धरला जातो, आणि सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, डिझेल असा खिशातून गेलेला खर्च अधिक घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल, हा झाला एक हिशेब. त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज धरलं की दुसरा, अर्थातच मोठा हिशेब. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने खर्चाच्या वर किमान ५० टक्के मिळावेत असं सांगितलं. शेतकरी संघटना तो खर्च दुसऱ्या हिशेबाने धरा म्हणतात, तर २०१८ पासून सरकार पहिल्या हिशेबाच्या दीडपट भाव देतं. सोयाबीनचा ५,३२८ हा आकडा तसाच आला : सरकारी हिशेबाने क्विंटलचा खर्च ३,५५२ आणि त्याची दीडपट.

हा खर्चही देशभराची सरासरी असतो. ज्याला एकरी नऊ-दहा क्विंटल उतारा मिळतो आणि ज्याला पावसाच्या खंडामुळे चारच मिळतात, त्या दोघांचा एकरी खर्च जवळपास सारखा असतो. क्विंटलमागे मात्र दुसऱ्याचा दुपटीहून जास्त पडतो. कोरडवाहू मराठवाड्यातल्या माणसाला "दीडपट" हा शब्द टोचतो तो यामुळे.

आता हमी. हमीभाव एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखा आहे. फलकावर गाडीची वेळ लिहिलेली असते, पण गाडी सोडायला डेपोत गाडी आणि चालक असावा लागतो. पंजाब-हरियाणात गहू आणि भातासाठी गाडी रोज सुटते, कारण अन्न महामंडळ आणि तिथल्या राज्य यंत्रणा रेशनसाठी तो माल खरोखर विकत घेतात. सोयाबीन, हरभरा यांची खरेदी नाफेडसारख्या केंद्रीय सहकारी संस्थांमार्फत, राज्यातल्या खरेदी केंद्रांवर, बाजार पडल्यावर आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच होते. केंद्राच्या भाव आधार योजनेत तेलबियांची मर्यादा साधारण एकूण उत्पादनाच्या २५ टक्के आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी तीन-चतुर्थांश माल हमीभावाच्या बाहेर राहणार, हे कागदावरच ठरलेलं आहे. देशभराचा विचार केला तर फक्त ६ टक्के शेतकरी सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकू शकतात, असं केंद्राने नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ मध्ये नोंदवलं होतं.

केंद्र सुरू झालं, मग माल तिथे का नेत नाहीत?

हा प्रश्न शहरातून हमखास येतो. त्याचं उत्तर ओलाव्यात आहे. खरेदी केंद्रावर सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. ऑक्टोबरात काढणी होते, परतीचा पाऊस असतो, मळणी यंत्रातून निघालेल्या मालात ओलावा सहज त्याच्या वर असतो. २०२४ मध्ये बरीच ओरड झाल्यावर केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली, पण तोवर नोव्हेंबर उजाडला होता आणि अनेकांचा माल विकून झाला होता.

माल वाळवायचा म्हणजे जागा हवी, ताडपत्री हवी आणि मुख्य म्हणजे थांबायची ऐपत हवी. ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद, मग माल आणण्याचा निरोप, मग बारदाना आहे की नाही, चाळणी, तोलाई आणि त्यानंतर खात्यात पैसे. ज्याच्याकडे गोदामात माल ठेवायची सोय आहे त्याच्यासाठी हा त्रास आहे, पण जमणारा. ज्याला मळणीवाल्याचे पैसे आज द्यायचेत, कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची उधारी फेडायची आहे, दिवाळीचा बाजार करायचा आहे आणि हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं आहे, तो पहिली दहा-पंधरा पोती मोंढ्यातच टाकतो. आडत्या मातेरं आणि ओलावा बघून भाव पाडतो, पण रोख देतो. व्याज धरलं तर ही रोख किती महाग पडते ते त्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं.

मग केंद्रावर येतो कोण? मोठा शेतकरी येतो. काही ठिकाणी व्यापाऱ्याचाच माल दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर येत असल्याच्या तक्रारीही दर हंगामात होतात. मदत क्विंटलवर मोजली की ती जास्त क्विंटलवाल्याकडे आणि थांबू शकणाऱ्याकडे जाते. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ११ लाख टन सोयाबीनची सरकारी खरेदी झाली, आणि तिचा खूप गवगवा झाला. ती मोठी होतीच. तरी राज्यातलं उत्पादन त्याच्या कितीतरी पट आहे.

खत आणि वीज : सर्वांत मोठा खर्च, सर्वांत कमी चर्चा

लोक हमीभाव आणि कर्जमाफीवर भांडतात, पण पैशाचा मोठा ओघ खतात आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानासाठी सुमारे १ लाख ६८ हजार कोटी रुपये होते आणि पीएम-किसानसाठी ६३,५०० कोटी. म्हणजे खात्यात थेट पडणाऱ्या पैशाच्या अडीचपटीहून जास्त रक्कम खताच्या कारखान्यांकडे आणि आयातदारांकडे जाते, शेतकऱ्याला ती स्वस्त गोणीच्या रूपाने दिसते.

४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिची खरी किंमत याच्या कित्येक पट आहे, मधली रक्कम सरकार भरतं. डीएपी या स्फुरदयुक्त खताची ५० किलोची गोणी मात्र १,३५० रुपयांना. हा फरक धोरणातून आला. २०१० मध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) असलेल्या खतांचं अनुदान अन्नद्रव्याच्या वजनावर ठरवायला सुरुवात झाली, पण युरियाला हात लावायची हिंमत कोणत्याच सरकारने केली नाही. परिणाम देशभराच्या मातीत दिसतो : युरियातल्या नत्राचा (नायट्रोजनचा) मारा, बाकीच्यांची उपासमार.

आता सोयाबीनवाल्याकडे बघा. सोयाबीन हे द्विदल पीक. ते मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नत्र स्वतःच घेतं, त्याला युरिया फारसा लागत नाही. लागतं ते स्फुरद आणि गंधक. म्हणजे देशातलं सर्वांत उदार अनुदान ज्या गोणीवर आहे ती या पिकाला नको, आणि जी हवी ती महाग. शिवाय पेरणीच्या तोंडावर डीएपीची टंचाई झाली की दुकानात "लिंकिंग" सुरू होतं, म्हणजे हवं ते खत घ्यायचं तर सोबत नको असलेलं एखादं औषध किंवा खतही घ्या. हे बेकायदा आहे आणि सर्वांना माहीत आहे.

विजेचंही तसंच. महाराष्ट्राने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली. असे ग्राहक सुमारे ४४ लाख आहेत. राज्यात शेतीची खाती दीड कोटींच्या आसपास. पंप असणाऱ्यांना दिलासा मिळाला यात शंका नाही, पण विहीर नसलेल्याच्या वाट्याला या योजनेत शून्य. आणि वीज फुकट असली की भूजल उपसायला कसलाच लगाम राहत नाही. पंजाबात फुकट वीज आणि भाताची हमखास खरेदी या जोडीने पाण्याची पातळी कुठे नेली ते सगळे पाहताहेत.

आपल्याकडे हेच काम ऊस करतो. उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराला, म्हणजे एफआरपीला, कायद्याचं पाठबळ आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. थकबाकी राहते, आंदोलनं होतात, तरी "भाव किती मिळेल" हा प्रश्न उसाला सोयाबीनसारखा भेडसावत नाही. दुष्काळी तालुक्यातही पाणी उसाकडे वळतं त्यात शेतकऱ्याचा हट्ट नाही. ज्या पिकाचा धोका सरकारने कमी केला आहे तेच तो लावणार, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

एका हाताने देणं, दुसऱ्याने घेणं

इथवर वाचून कुणी म्हणेल, मिळतंय कमी-जास्त, पण मिळतंय ना? यासाठी अर्थसंकल्पात न दिसणारी बाजू बघावी लागते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. कोंबडीखाद्य उद्योगाने ओरड केली, आणि केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. सोयाबीनच्या दाण्यात तेल पाचवा हिस्साही नसतं, बाकी जवळजवळ सगळी पेंड, त्यामुळे दाण्याचा भाव पेंडीवर हलतो. नवी आवक सुरू झाली तोवर भाव पाच-सहा हजारांवर आले. आवकेमुळे ते काही प्रमाणात उतरलेच असते. पण ऑगस्टात बहुतेक शेतकऱ्यांकडे माल नव्हता आणि ऑक्टोबरात माल आला तेव्हा तो भाव राहिला नाही, हे लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच डिसेंबरात सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद झाले.

तेलाचं पाहा. आपण गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क अधिभारांसह ५.५ वरून २७.५ टक्के झालं, मे २०२५ मध्ये ते १६.५ वर आलं. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस वेचणीला येण्याच्या तोंडावर, वर्षअखेरपर्यंत माफ झालं. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये अटींसह सुटका आणि शुल्क पूर्ण उठलं ते एप्रिल २०२५ मध्ये. नाशिककडच्या माणसाला या तारखा पाठ आहेत.

अशा निर्णयांनी शेतकऱ्याच्या खिशातून जो पैसा जातो त्याची पावती कुणी देत नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी चार दशकांपूर्वी मांडलेला "उणे अनुदाना"चा मुद्दा हाच होता. २०१८ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिल्लीच्या इक्रिअर या संशोधन संस्थेसोबत हिशेब मांडला. खत, वीज, पाणी अशी सगळी मदत धरूनही २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला निव्वळ आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. बाजारातल्या बंधनांनी काढून घेतलेलं, दिलेल्यापेक्षा जास्त भरलं. वर्षागणिक चित्र बदलतं, आणि या मोजणीच्या पद्धतीवर वादही आहेत. पण "शेतकऱ्याला सगळं फुकट" म्हणणाऱ्याने हा आकडा ऐकलेला बरा.

आता तीन एकरांचं गणित. एकरी सहा क्विंटल धरले तर १८ क्विंटल. ४,३०० ने विकले तर हमीभावापेक्षा क्विंटलला १,०२८ रुपये कमी, एकूण १८,५०४. पीएम-किसानचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार मिळून वर्षाला मिळतात १२,०००. या साडेअठरा हजारांतला सगळा दोष सरकारचा नाही. ब्राझीलचं भरघोस पीक आहे, आणि इथेनॉल बनवताना मक्यातून उरणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात सोयापेंडीची जागा घेतोय हेही आहे. पण ज्याच्या घरात हे दोन आकडे शेजारी शेजारी येतात तो "फक्त भाव द्या" का म्हणतो, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

मग हमीभावाचा कायदाच करा ना?

मागणी सरळ वाटते : हमीभावाखाली खरेदी केली की गुन्हा. अडचण अशी की कायदा व्यापाऱ्याला कमी भाव देण्यापासून रोखू शकतो, खरेदी करायला लावू शकत नाही. पेंडीचा जागतिक भाव पडलेला असताना गिरणीवाला ५,३२८ ने घेणार नाही, तो थांबेल. त्या दिवशी मोंढा ओस पडेल आणि सगळ्यात आधी अडचणीत येईल तो रोख हवी असलेला छोटा शेतकरीच. सरकारने सगळा माल घ्यायचं ठरवलं तर साठवण, सड आणि पुन्हा विकताना तोटा, हे सगळं येतं. कायद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की सगळा माल घ्यावा लागणार नाही, थोडी खरेदी केली तरी भाव सावरतो. गव्हात हे खरं ठरतं, कारण तो माल रेशनवर जातो. सोयाबीन रेशनवर जात नाही. माझं मत विचाराल तर कायद्याआधी आयात-निर्यातीचे निर्णय निदान एका हंगामापुरते आधी जाहीर करण्याचं बंधन सरकारने स्वतःवर घालावं. त्याला एक रुपयाचंही अनुदान लागत नाही.

भावातला फरक खात्यात टाकला तर?

याला भावांतर म्हणतात. माल बाजारात विका, हमीभाव आणि बाजारभाव यातला फरक सरकार देईल. मध्य प्रदेशने २०१७ मध्ये हे केलं आणि योजना चालू असतानाच बाजारात भाव पडले. फरक सरकार देणारच आहे तर व्यापारी जास्त का देईल? तिथे २०२५ मध्ये सोयाबीनसाठी भावांतर पुन्हा आणलं गेलं. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसासाठी वेगळी वाट धरली : हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. रक्कम तोकडी होती, पैसे यायला उशीर झाला. पण माप हेक्टरचं आणि वर मर्यादा, त्यामुळे लहान शेतकऱ्याचा वाटा आपोआप वाढला. याच्या उलट उदाहरण तेलंगणाच्या २०१८ च्या रयतु बंधू योजनेचं. तिथे पैसे एकरावर आणि मर्यादा नाही, त्यामुळे शंभर एकरवाल्यालाही शंभर एकरांचे मिळाले.

अमेरिका-युरोपात किती देतात, ठाऊक आहे का?

खूप देतात. पण युरोपीय संघात थेट मदतीतली सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थ्यांकडे जाते, कारण तिथेही माप प्रामुख्याने हेक्टरचं आहे. म्हणजे पैसा वाढवला की लहान शेतकरी टिकतोच असं नाही.

सगळं बंद करून थेट पैसे द्यावेत?

तत्त्वतः मला हे पटतं. पण आधी दोन गोष्टी. पीएम-किसानचे सहा हजार २०१९ मध्ये ठरले, ते आजही सहाच हजार आहेत. तेव्हापासून मजुरी, डिझेल, फवारणी कुठल्या कुठे गेली. खताचं अनुदान महागाईबरोबर सरकारला वाढवावंच लागतं, रोख रक्कम मात्र जिथल्या तिथे ठेवता येते, आणि शेतकरी संघटना रोखीच्या पर्यायाकडे संशयाने बघतात ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. रोख मदत कुटुंबावर मोजली जाते म्हणतात, पण प्रत्यक्षात ती सातबाऱ्यावर मोजली जाते. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेत कसणाऱ्या बाईचं नाव बरेचदा सातबाऱ्यावर चढलेलं नसतं, सासरा किंवा दीर हयात असतो. बटईने, म्हणजे दुसऱ्याचं शेत वाट्याने, करणाऱ्याचं तर कुठेच नसतं. खर्च तो करतो, पेरणी-फवारणी तो करतो, पण नुकसानभरपाई, पीएम-किसान, खरेदी केंद्रावरची नोंदणी हे सगळं मूळ मालकाच्या नावावर होतं. मालक पुण्यात नोकरीला असला तरी. एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे.

मालक बटईचा साधा कागदही करून देत नाही, कारण कुळाचं नाव एकदा लागलं की जमीन जाईल ही भीती कूळ कायद्याच्या काळापासून घराघरात मुरलेली आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा दिला होता : मालकी मालकाचीच राहील, पण कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि मदत मिळेल. शेतीवर कायदा करणं हा राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राला तो लादता येत नाही. हमीभाव आणि कर्जमाफीवर मोर्चे निघतात. बटईदारांसाठी निघत नाहीत, कारण मोर्चातल्या बऱ्याच जणांनी स्वतःचं एखादं शेत कुणाला तरी बटईने दिलेलं असतं.